जपानी पद्धतीचे लग्नपूर्व छायाचित्रण : पोशाख, स्थळ आणि घरच्यांच्या शंका

प्रश्न विचारणार : मुठाकाठ

नमस्कार. माझे लग्न फेब्रुवारीत पुण्यात आहे. होणारे यजमान पाच वर्षांपासून योकोहामात नोकरीला आहेत आणि मी इथे जपानी भाषेची एन-३ पातळी पूर्ण केली आहे. आमची ओळख भाषेच्या वर्गातच झाली. म्हणूनच लग्नाआधीचे छायाचित्रण, ज्याला सध्या सगळे प्री-वेडिंग शूट म्हणतात, ते जपानी पद्धतीने करावे अशी आम्हा दोघांची मनापासून इच्छा आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझा भाऊ दहा दिवसांसाठी तिकडे जाणार आहोत.

माझ्या अडचणी अशा आहेत. पुण्यातील एक छायाचित्रकार विमानाचे तिकीट दिल्यास क्योतोला यायला तयार आहेत. दुसरीकडे, एवढा खटाटोप करण्यापेक्षा सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात छायाचित्रे काढून घ्या, असे बाबांचे म्हणणे आहे. पोशाखाचा प्रश्न त्याहून नाजूक झाला आहे. मी वधूच्या पांढऱ्या किमोनोचे चित्र घरी दाखवले तेव्हा होणाऱ्या सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांना ते आवडले नाही हे कळत होते. आजीने तर नवरदेवाचा काळा पोशाख पाहून शुभकार्यात काळे नको, असे स्पष्टच सांगितले. हिरवा चुडा, मेंदी, दागिने यांचे किमोनोबरोबर काय करायचे हेही मला कळत नाही. दुसऱ्याच्या संस्कृतीचे सोंग घेतल्यासारखे ते दिसू नये, एवढीच माझी तळमळ आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : योकोहामावासी

मी योकोहामात अकरा वर्षे राहते आणि आमची छायाचित्रे इथल्या सांकेइएन या बागेत काढलेली आहेत, म्हणून आधी स्थळाबद्दल लिहिते आणि मग आमच्याकडून झालेल्या एका चुकीबद्दल.

तुम्ही जे करू पाहत आहात ते जपानमध्ये कुणालाही वावगे वाटणार नाही, कारण तिथे त्याची रीतच आहे. तिला 'माएदोरी' म्हणतात, म्हणजे आधी टिपून घेणे. लग्नाच्या दिवशी वेळ पुरत नाही, आणि बरीच जोडपी लग्नात पाश्चात्त्य पद्धतीचा पांढरा झगा घालतात. त्यामुळे किमोनोतील छायाचित्रे आधीच एखाद्या दिवशी काढून ठेवली जातात. या कामाचे वेगळे स्टुडिओ असतात आणि पोशाख, केशरचना, रंगभूषा, किमोनो नेसवणारी व्यक्ती, छायाचित्रकार आणि बागेची परवानगी असे सगळे तेच पाहतात. किमोनो नेसवणे हे शिकून करायचे काम आहे. वधूच्या केसांपासून शेवटच्या गाठीपर्यंत तयारीलाच सुमारे दोन तास जातात. पर्यटकांना काही हजार येनांत दिवसभरासाठी मिळणारा किमोनो आणि वधूचा किमोनो या दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत, त्यामुळे चौकशी करताना 'माएदोरी' हाच शब्द वापरा.

क्योतोचा मोह मला समजतो, पण नोव्हेंबरच्या अखेरीस तिथली पाने लाल झालेली असतात आणि ती पाहायला सारे जग लोटलेले असते. गिओन भागातल्या ज्या अरुंद गल्ल्यांची चित्रे आपण पाहतो, त्यांतल्या खासगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांसाठी बंद आहेत, कारण येणाऱ्याजाणाऱ्या माइको, म्हणजे गेइशा होण्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना छायाचित्रांसाठी अडवण्याचे प्रकार फार वाढले होते. फुशिमी इनारी या देवस्थानातील लाल तोरणांखाली, म्हणजे कमानींखाली, व्यावसायिक छायाचित्रणाला परवानगी लागते. शिवाय योकोहामाहून क्योतो शिनकानसेनने सुमारे दोन तासांवर आहे. एवढे अंतर जाऊन गर्दीत जागा शोधायची आणि दिवस मावळायच्या आत परतायचे, हे तुमच्या दहा दिवसांत मला तरी पटत नाही.

सांकेइएनचा विचार अवश्य करा. हारा तोमितारो या रेशीम व्यापाऱ्याने उभारलेली ही बाग १९०६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. त्यांनी ठिकठिकाणच्या जुन्या वास्तू विकत घेऊन, सुट्या करून इथे आणून पुन्हा उभ्या केल्या. टेकडीवरचा तीन मजली पागोडा १४५७ सालचा आहे आणि तो १९१४ मध्ये क्योतो प्रांतातून इथे आणला गेला. त्यामुळे क्योतोला न जाताही तुमच्यामागे खऱ्याखुऱ्या जुन्या लाकडी वास्तू असतील. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत इथली पाने रंगतात. मात्र दोन गोष्टी विसरू नका. त्या दिवसांत सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणून तयारी पहाटेच सुरू झाली पाहिजे. दुसरे असे की १५ नोव्हेंबरला 'शिचि-गो-सान' हा तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांचा सण असतो, आणि त्याच्या आगेमागे संपूर्ण महिनाभर किमोनो नेसवणाऱ्या बायकांना आणि स्टुडिओंना उसंत नसते. आत्ताच तारीख नक्की करा.

आता आमची चूक. किमोनोची नेसणाऱ्याची डावी बाजू नेहमी उजव्या बाजूच्या वर येते, स्त्री असो वा पुरुष. उजवी बाजू वर घेऊन किमोनो फक्त मृत व्यक्तीला नेसवतात. आम्हाला नेसवणाऱ्या बाईंचे काम अर्थातच निर्दोष होते. पण छायाचित्रांचा अल्बम आम्ही आमच्या गावी करून घेतला, आणि समोरासमोरच्या दोन पानांवर आमचे चेहरे एकमेकांकडे वळलेले दिसावेत म्हणून तिथल्या मांडणी करणाऱ्याने एक छायाचित्र आरशातल्यासारखे उलटे करून टाकले. आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आले नाही. पुढे मी तो अल्बम हौसेने कार्यालयात नेला. माझ्या शेजारी बसणाऱ्या वयस्क बाई पाने उलटता उलटता एका पानावर थांबल्या, त्यांनी बोटाने माझ्या गळपट्टीची कडा हलकेच दाबली आणि काही न बोलता पुढचे पान उलटले. संध्याकाळी घरी येऊन मी ते पान पुन्हा पाहिले तेव्हा मला उलगडा झाला. सासूबाईंच्या दिवाणखान्यात तेच छायाचित्र मोठे करून लावलेले होते. ते उतरवून नवे करून घेईपर्यंत मला चैन पडले नाही. म्हणून सांगते, तुमचा अल्बम कुणीही करो, एकही छायाचित्र उलटे करायचे नाही हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

आणखी एक सुचवते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुमच्या साडीतली थोडी छायाचित्रे यामाशिता उद्यानात काढा. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपाचा राडारोडा समुद्रात भरून ही जागा तयार झाली आणि १९३० मध्ये तिथे उद्यान झाले. भूकंपानंतर योकोहामाच्या लोकांनी इथल्या भारतीय व्यापाऱ्यांना मदत केली, त्याची आठवण म्हणून भारतीय समाजाने दिलेले, घुमटाच्या छत्रीखालचे कारंजे त्या उद्यानात आजही आहे. पैठणी नेसून उभे राहायला योकोहामात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

उत्तर २ : छायावेध

मी पुण्यात लग्नाच्याच छायाचित्रणाचा व्यवसाय करतो, तरीही आपल्याला सल्ला देतो की इथून छायाचित्रकार नेऊ नका. पर्यटक म्हणून मिळालेल्या परवान्यावर जपानमध्ये मोबदला घेऊन काम करता येत नाही. शिवाय बागांचे अर्ज जपानीत भरायचे असतात, ठरलेल्या वेळात ठरलेल्या वाटांवरच काम करायचे असते, आणि ज्याला ती बाग पाठ आहे तो माणूस दोन तासांत जे करील ते आमच्यासारख्याला दोन दिवसांतही जमणार नाही. काही जण ड्रोन बरोबर नेतात. जपानमध्ये १०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक वजनाच्या ड्रोनची नोंदणी सक्तीची आहे आणि दाट वस्तीवर तो उडवण्यासाठी वेगळी परवानगी लागते. तो विचार सोडूनच द्यावा.

योकोहामावासी यांनी लिहिलेली उलट्या छायाचित्राची गोष्ट आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. आम्ही मांडणी करताना छायाचित्रे सर्रास उलटी करतो, कारण साडीचा पदर उजवीकडे गेला तरी ग्राहकाच्या लक्षात येतोच असे नाही. किमोनोसाठी एक सोपी खूण ध्यानात ठेवावी. समोरून पाहणाऱ्याला गळ्याशी इंग्रजीतील लहान लिपीतल्या वाय या अक्षराचा आकार दिसला पाहिजे, म्हणजे लांब रेघ वरच्या उजव्या बाजूने खालच्या डाव्या बाजूकडे उतरली पाहिजे. ती उलट दिशेने उतरत असेल तर छायाचित्र उलटे झाले आहे किंवा किमोनो चुकीचा नेसवला गेला आहे.

आता आपल्या वडिलांच्या सूचनेबद्दल. पुण्याचे हे उद्यान १० एकरांवर आहे आणि ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर त्याची आखणी झाली आहे. मूळ कोराकुएन इकेदा त्सुनामासा या सरदाराने करवून घेतली आणि ती १७०० मध्ये पूर्ण झाली. जपानमधल्या तीन नामांकित बागांत तिची गणना होते. त्या बागेचे वैशिष्ट्य मोकळी हिरवळ, वळणे घेत जाणारे पाणी आणि लांबवर पोहोचणारी नजर हे आहे, आणि पुण्यातल्या उद्यानातही तोच मोकळेपणा जपलेला आहे. जे लोक इथे लाल तोरण, कागदी कंदील आणि ड्रॅगनची चित्रे घेऊन येतात ते या बागेलाच झाकून टाकतात. इथे काढायचेच असेल तर सकाळच्या कोवळ्या उन्हात, पाण्याच्या पलीकडून, माणसे लहान आणि बाग मोठी ठेवून काढावे. अर्थात आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे परवानगीची चौकशी केल्याशिवाय कॅमेरा घेऊन जाऊ नये.

मात्र पुण्यात वधूचा अस्सल किमोनो आणि तो नेसवू शकणारी व्यक्ती मिळवणे अवघड आहे. भाड्याच्या कपड्यांच्या दुकानांत किमोनो म्हणून जे मिळते ते बहुधा चकाकत्या कापडाचे, पट्ट्याने बांधायचे झगे असतात, आणि नेमके तेच सोंगासारखे दिसतात. तुम्ही तिकडे जाणारच आहात, तेव्हा किमोनो तिकडेच नेसा आणि पुण्याच्या उद्यानात आपल्या घरच्या पोशाखात काढून घ्या. वडिलांचीही इच्छा राहील.

उत्तर ३ : जुनी शिक्षिका

मी पुण्यात अनेक वर्षे जपानी भाषा शिकवली आहे. आपल्या आजी आणि होणाऱ्या सासूबाई यांच्या शंका मला अतिशय रास्त वाटतात, म्हणून त्यांच्याविषयीच लिहिते.

वधूच्या पूर्ण पांढऱ्या पोशाखाला 'शिरोमुकु' म्हणतात. नव्या घराच्या रंगात रंगून जायला तयार असलेले कोरे वस्त्र, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. परंतु जपानमध्येही मृताला पांढरेच वस्त्र नेसवतात, हे आपण घरी लपवू नये. ज्येष्ठांना जे जाणवले ते चुकीचे नाही; त्या संस्कृतीतही पांढऱ्याचे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात आणि गळपट्टीची कोणती बाजू वर आहे यावरून ते वेगळे होतात. वरच्या उत्तरातल्या बाई त्या पानावर का थांबल्या असतील हे यावरून लक्षात येईल. आपल्या घरी हा रंग मनाला लागणार असेल तर वाद घालण्याचे काहीच कारण नाही, कारण तितकाच मानाचा दुसरा पोशाख उपलब्ध आहे. 'इरो-उचिकाके' म्हणजे सर्वांत वरून, पट्ट्याने न बांधता मोकळा सोडायचा रंगीत, भरजरी झगा. त्याच्या खालच्या काठात कापूस भरलेला असतो, त्यामुळे तो जमिनीवर गोल पसरतो. लाल रंगावर सोनेरी करकोचे असलेला इरो-उचिकाके सासूबाईंना दाखवा. करकोचा तिथे दीर्घायुष्याचे चिन्ह आहे, आणि त्याच्या जोडीला पाइन, बांबू आणि आलुबुखाराच्या जातीतील 'उमे' या झाडाचा मोहोर या तीन मंगल वनस्पती बहुतेक वेळा विणलेल्या किंवा भरलेल्या असतात. पैठणीवरचे मोर आणि मुनिया पाहत वाढलेल्या डोळ्यांना ते वस्त्र परके वाटत नाही, हे मी माझ्या विद्यार्थिनींच्या आयांच्या बाबतीत पाहिले आहे.

नवरदेवाच्या काळ्या पोशाखाविषयी आजींना एवढेच सांगा की त्याच्यावर घराण्याची पाच चिन्हे असतात आणि पुरुषाचा तो सर्वांत औपचारिक पोशाख आहे. एवढेच नव्हे, तर वधूवरांच्या आयासुद्धा लग्नात काळ्या रंगाचाच 'कुरोतोमेसोदे' नेसतात. त्याच्या खालच्या भागावर मंगल नक्षी असते. शोकाचा काळा किमोनो नक्षीविना कोरा असतो. तरीही आजींचे मन मानत नसेल तर करड्या किंवा गडद निळ्या रंगातही चिन्हांकित पोशाख मिळतात. लग्नाआधीच्या छायाचित्रांसाठी आजींना दुखवून काळ्याचा आग्रह धरावा असे मला वाटत नाही.

चुडा आणि मेंदी यांचा प्रश्न मला मुळात पडत नाही. हिरवा चुडा आपण लग्नाच्या तोंडावर भरतो, मंगळसूत्र तर विधीतच गळ्यात येते, आणि ही छायाचित्रे नोव्हेंबरमधली असणार. तेव्हा हात आणि गळा मोकळाच राहू द्या. किमोनोबरोबर हार आणि बांगड्या घालण्याची रीत नाही. मानेचा मागचा भाग उघडा दिसावा म्हणून गळपट्टी मागे ओढून बसवतात, आणि सारी सजावट केसांतल्या 'कान्झाशी' या आभूषणांत असते. टिकली अवश्य लावा, ती आपली ओळख आहे. मात्र पिंजर किंवा ओले कुंकू नको, कारण भाड्याच्या रेशमावर पडलेला डाग निघत नाही.

काही मुली अलीकडे जुन्या पैठणीचा 'ओबी', म्हणजे किमोनोचा रुंद कमरपट्टा, शिवून घेण्याविषयी विचारतात. मला ते रुचत नाही आणि त्याचे कारणही सांगते. किमोनो सुमारे १२ मीटर लांब आणि हातभर रुंदही नसलेल्या एकाच पट्टीतून सरळ तुकडे कापून शिवतात. त्यात वळणाचा एकही काप नसतो, त्यामुळे शिवण उसवली की तुकडे पुन्हा जोडून पट्टी सिद्ध होते. आपली नऊवारी आठ मीटरांहून लांब असते आणि तिला सुईसुद्धा लागत नाही. वस्त्राला कमीत कमी इजा करून ते अंगाभोवती बसवायचे, ही दोन्हीकडची समज इतकी सारखी आहे की एकाला कापून दुसऱ्याचा पट्टा करण्यात दोघांचाही मान राहत नाही. पैठणी कारंज्यापाशी अखंड नेसावी, ही योकोहामावासी यांची सूचना मला फार आवडली.

जाता जाता एक शब्द देऊन ठेवते. जपानमध्ये लग्नाच्या आहेराच्या पाकिटाला कागदी दोऱ्यांची जी गाठ असते ती 'मुसुबिकिरी', म्हणजे ओढली तरी न सुटणारी. पुन्हा पुन्हा यावे अशा प्रसंगांसाठी सुटणारी फुलपाखरी गाठ वापरतात. लग्नाला ती चालत नाही. छायाचित्रांत ठेवण्यासाठी काही वस्तू शोधत असाल तर कागदी पंखे आणि बाहुल्या यांच्याऐवजी तांबड्या-पांढऱ्या दोऱ्यांची ती गाठ दोघांच्या हातात असू द्या. उपरण्याला शालूची गाठ मारणाऱ्या घरात तिचा अर्थ कुणाला सांगावा लागणार नाही.

मुठाकाठ

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्ही घरची मंडळी एकत्र बसली होती तेव्हा मी ही उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. वधूवरांच्या आया लग्नात काळे नेसतात हे ऐकून आजी बराच वेळ विचारात पडली आणि मग तिने विचारले की त्यांच्या नक्षीत काय काय असते. सासूबाईंनी लाल उचिकाकेचे चित्र स्वतःच्या भ्रमणध्वनीवर मागवून घेतले. क्योतो आणि पुण्याचे छायाचित्रकार हे दोन्ही बेत आम्ही सोडले आहेत. सांकेइएनला परवानगी मिळवून देणाऱ्या एका स्टुडिओशी बोलणे सुरू केले आहे. नवरदेवाचा पोशाख करडा ठरला आहे.

आता दोन लहान शंका. होणारे यजमान सहा फूट उंच आहेत, तर त्यांना किमोनो आखूड होणार नाही ना? आणि मला थंडी फार बाधते, तेव्हा आतून उबदार कपडे घातले तर चालतात का?

योकोहामावासी

उंचीचे आजच कळवा, ते महत्त्वाचे आहे. बायकांच्या किमोनोला कमरेशी 'ओहाशोरी' नावाची घडी घालतात, त्यामुळे एकच किमोनो वेगवेगळ्या उंचीला जुळवता येतो. पुरुषांच्या किमोनोला ती घडी नसते. तो मूळचाच अंगाच्या मापाचा असावा लागतो. यजमानांची उंची, मानेच्या मागच्या हाडापासून खांद्यावरून मनगटापर्यंतचे माप आणि सेंटिमीटरमध्ये पावलाची लांबी ही तिन्ही मापे पाठवा. पावलाचे माप न दिल्यामुळे आमच्याकडे मोज्यांची, म्हणजे 'ताबी'ची, धावपळ झाली होती.

उबदार कपडे चालतात, फक्त त्यांचा गळा पुढून आणि विशेषतः मागून खूप खोल हवा, नाहीतर उघड्या ठेवलेल्या मानेपाशी ते डोकावतात. बाह्यांची लांबीही कोपराच्या वरच हवी, कारण हात उचलला की किमोनोची बाही मागे सरकते. वधूच्या पोशाखाला इतके थर असतात की धड गारठत नाही. गारठतात ती बोटे. एक छोटी उबदार पुडी भावाच्या खिशात देऊन ठेवा आणि दोन छायाचित्रांच्या मध्ये हातात घ्या.

आणि त्या दिवशी स्टुडिओत जाताना पुढून गुंड्या असलेला सदरा घालून जा. केस आधी बांधतात, पोशाख नंतर होतो, आणि डोक्यावरून काढायचा कपडा असेल तर तासाभराची केशरचना मोडते. तारीख पक्की झाली की इथेच लिहा. सुट्टीचा दिवस असेल तर मी बागेत येऊन उभी राहीन, म्हणजे तुमच्या भावाला सामान सांभाळायला सोबत होईल.